गाणाऱ्या वाटीचे कूळ

सतरंजीवर उताणे पडून, डोळे मिटून, धातूच्या पात्रांचा नाद अंगावर घेण्याची जी सत्रे ध्वनिध्यान अथवा साउंड बाथ या नावाने हल्ली शहरोशहरी भरू लागली आहेत, त्यांत येणाऱ्यास आरंभीच बहुधा असे सांगण्यात येते की ही पात्रे तिबेटातील मठांची असून लामा ती शतकानुशतके ध्यानासाठी वाजवीत आले आहेत. या वंशावळीची तहकीकात करू गेल्यास मात्र वाट स्वयंपाकघराकडे वळते, आणि तेथून पुढे, मोठ्या नवलाची गोष्ट अशी की, आपल्या विदर्भापर्यंत येऊन पोहोचते.

अर्वाचीन हकीकत थोडक्यात अशी: १९५९ नंतर तिबेटी निर्वासित नेपाळात व हिंदुस्थानात आले, पुढे पाश्चात्य तरुणांचे तांडे काठमांडूच्या बाजारात हिंडू लागले, आणि १९७२ साली हेन्री वुल्फ व नॅन्सी हेनिंग्ज यांची 'टिबेटन बेल्स' ही ध्वनिमुद्रिका निघाल्यावर या पात्रांचा बोलबाला जगभर झाला. मठांतील विधींत घंटा आहे, टिंगशा नावाच्या लहान झांजा आहेत, लांबलचक कर्णे आहेत. त्या पंक्तीत या पात्रालाही जुना मान होता, याचा भक्कम दाखला माझ्या पाहण्यात नाही. उलट व्यापारी त्याचे प्रकार सांगतात ते थाडोबाटी, जामबाटी अशा नेपाळी नावांनी. उभ्या काठाच्या पात्राला 'उभी वाटी' म्हणणारा मनुष्य त्याला जेवणाचे भांडे म्हणूनच ओळखत असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याविरुद्ध एक पक्ष असा की चीन-जपानच्या बौद्ध मंदिरांत गादीवर ठेवून टोला देण्याची जी वाडग्यासारखी घंटा असते, तिचाच हा हिमालयी भाऊबंद होय. त्या घंटेचे धार्मिक पद निर्विवाद आहे आणि रूपसाम्यही डोळ्यांत भरण्याजोगे आहे; परंतु रूपसाम्यावरून वारसा सिद्ध होत नाही. दुसरा पक्ष सप्तधातूंचा. सात ग्रहांचे सात धातू या पात्रात ओतलेले असतात, असे हे लोक सांगतात. पण पृथक्करणात हाती लागतात ते मुख्यतः तांबे व कथील, आणि तेही आपल्या कांशाच्या प्रमाणात, म्हणजे शंभरात सुमारे बावीस भाग कथील.

आता या कांशाचीच गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण सारे रहस्य तेथे आहे. एवढे कथील असलेला धातू थंड असता ठोकला तर तडकतो. तो लाल तापवून, रंग उतरण्याच्या आत ठोकावा लागतो, पुन्हा भट्टीत घालावा लागतो, आणि अखेरीस तापलेलाच पाण्यात बुडवावा लागतो, कारण हळूहळू निवू दिल्यास त्याच्या अंगी ठिसूळपणा भरतो. नागपूरजवळच्या माहूरझरीच्या लोहयुगीन शिलावर्तुळांत सापडलेल्या कांस्यवस्तूंच्या परीक्षणात नेमकी हीच रीत आढळली आहे: विपुल कथील, तापवून ठोकणे आणि पाण्यात विझवणे. हा दाखला प्रथम वाचला तेव्हा मला या विषयाचे वेड लागले, आणि ते अजून उतरलेले नाही.

येथे एका जुन्या साक्षीदाराची जबानी तपासून पाहण्याजोगी आहे. अलेक्झांडरचा नौकाधिपती निआर्कस याच्या आधाराने ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की हिंदी लोक ठोकीव नव्हे तर ओतीव धातूची भांडी वापरतात, आणि ती खाली पडली तर मडक्यासारखी फुटतात. शब्दशः अर्थ घेतला तर आमच्या ठोकीव कांशाला ही साक्ष प्रतिकूल ठरते. पण विपुल कथिलाचे भांडे ठोकीव असले तरी आपटल्यावर तडकतेच. शिवाय ठोकण्यापूर्वी धातूची चकती ओतावीच लागते, आणि परक्या माणसाने ओतणे तेवढे पाहून घणाची पाळी येण्याआधीच कारखान्यातून पाय काढला असेल, असा माझा तर्क आहे. तक्षशिलेच्या भीर टेकाडात अशाच विपुल कथिलाची पात्रे मिळाली आहेत, तेव्हा निआर्कसने वर्णिलेली भांडी याच कुळातली होती असे मानण्यास मला अडचण दिसत नाही.

कोरियातील जेवणाची कांस्यपात्रे व तेथल्या थाळीघंटा, जावा बेटातील गमेलान वाद्यवृंदाच्या घंटा, ही सारी याच विद्येची लेकरे. भोजन आणि वादन हे दोन्ही व्यवसाय या धातूने सर्वत्र एकदम सांभाळले आहेत. देवगिरीच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानेही 'संगीतरत्नाकरा'त घनवाद्यांमध्ये कांस्यतालाची गणना केली आहे.

आपल्याकडे मात्र या धातूचा आरोग्याशी जो संबंध जडला तो कानाच्या वाटेने न जडता तळपायाच्या वाटेने जडला. तुपाने अथवा तेलाने तळवे माखून त्यांवर काशाची वाटी घासण्याची चाल अनेक घरांत अजून आहे, आणि तळवा काळा पडला की अंगातली उष्णता उतरली असे वडीलधारी मंडळी म्हणतात. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने अभ्यंग विशेषतः मस्तक, कान व पाय यांस करावा असे सांगितले आहे, वाटीचा उल्लेख तेथे नाही. पण दहा दिवस कांस्यपात्रात राहिलेले तूप टाकून द्यावे, हेही त्यानेच सांगितले आहे. स्निग्ध पदार्थ आणि कांसे यांचा परस्परांवर परिणाम होतो हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते, आणि तळव्यावरचा काळिमा हा त्याच परिणामाचा आविष्कार दिसतो. त्याने झोप येते ती मर्दनामुळे, असे मला वाटते. पण झोप येते, यात शंका नाही.

ध्वनिसत्रात मी स्वतः पडून ऐकले तेव्हा मला सर्वांत अधिक भावले ते त्या नादाचे आंदोलन, स्वर जणू श्वास घेत असावा असे मंद उतरणे-चढणे. त्याचे कारणही घणातच आहे. हाताने ठोकलेली वाटी पूर्ण गोल वा सर्वत्र सारख्या जाडीची कधीच नसते. त्यामुळे तिचा प्रत्येक स्वर किंचित भिन्न अशा दोन कंपनांत फुटतो, आणि ती दोन कंपने एकमेकांत मिसळून हे हेलकावे उत्पन्न करतात. कॅलिफोर्नियातील एका पाहणीत, जिचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला, अशा सत्रानंतर ६२ जणांचा ताण व उद्विग्नता उतरलेली आढळली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून तिच्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. तरी ज्यांना हे सत्र अनुभवायचे असेल त्यांनी ठोकीव कांशाचीच पात्रे असलेले सत्र निवडावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.