मोहम्मद अय्युब खुहरो : सिंध घडवला त्यांनी, विसर्जितही केला त्यांनीच

११ डिसेंबर १९५४. हैदराबादेत (दख्खनच्या नव्हे, सिंधमधल्या) विधानसभेची बैठक भरली आणि सिंध प्रांताने स्वतःच्याच विसर्जनाला संमती दिली. ठरावाच्या बाजूने १०० मते, विरोधात अवघी ४. हा ठराव घडवून आणणारे मुख्यमंत्री होते मोहम्मद अय्युब खुहरो.

विलक्षण गोष्ट अशी की, सिंधला वेगळा प्रांत म्हणून मान्यता मिळावी यासाठी हयातीची उमेदीची वर्षे वेचणाऱ्यांत हेच खुहरो अग्रभागी होते.

त्या लढ्याचे दुसरे टोक मुंबईत होते. नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. तेव्हापासून सिंधचा कारभार मुंबईहून चाले. लारकान्याचे जमीनदार असलेले खुहरो विशीतच मुंबईच्या कायदे कौन्सिलात पोहोचले. सिंधचे प्रश्न मांडायचे तर सभासदांना मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. भाषा वेगळी, शेतीची घडी वेगळी, पाणी सिंधूचे. निर्णय मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी.

विभक्त सिंधची मागणी मुळात केवळ मुसलमानांची नव्हती. १९१३ च्या कराची काँग्रेसमध्ये ती मांडणारे हरचंदराय विशिनदास हे हिंदू पुढारी होते. पुढे जातीय राजकारणाने तिचा रंग पालटला. मुस्लिम बहुसंख्येच्या प्रांतात आपले काय होईल, ही धास्ती सिंधी हिंदूंना वाटू लागली. खुहरोंनी १९३० मध्ये मुंबईच्या अंमलाखाली सिंधने सोसलेल्या हालांची कैफियत पुस्तिकारूपाने मांडली. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा झाला.

त्यानंतरचे सिंधी राजकारण म्हणजे गटबाजीचा अखंड खेळ. १४ मे १९४३ रोजी माजी प्रधान अल्लाबक्ष सूमरो यांची शिकारपूरला हत्या झाली. सूमरो फाळणीचे कट्टर विरोधक होते. या खटल्यात खुहरो आरोपी ठरले, तुरुंगात गेले आणि अखेर निर्दोष सुटले.

ऑगस्ट १९४७ मध्ये खुहरो पाकिस्तानी सिंधचे पहिले मुख्यमंत्री झाले. कराची प्रांतापासून तोडून केंद्राच्या ताब्यात देण्यास त्यांचा विरोध होता, कारण कराची गेली म्हणजे प्रांताचे प्रमुख बंदर, मोठा महसूल आणि राजधानी एकाच फटक्यात गेली. विधानसभेत बहुमत असतानाही २६ एप्रिल १९४८ रोजी जिनांच्या सूचनेवरून त्यांना बडतर्फ करण्यात आले. कारण दिले गेले गैरकारभाराचे आणि भ्रष्टाचाराचे. आरोप सर्वस्वी निराधार होते असे म्हणवत नाही; पण त्यांची वेळ बोलकी होती. त्याच वर्षी कराची केंद्राकडे गेली.

१९५१ मध्ये ते काही महिने पुन्हा मुख्यमंत्री झाले, पुन्हा पदच्युत झाले. मग आले १९५४. पूर्व बंगालच्या लोकसंख्येला तोल म्हणून पश्चिमेकडील सारे प्रांत वितळवून एकच घटक, म्हणजे 'वन युनिट', करण्याचा बेत केंद्राने आखला. सिंधचे मुख्यमंत्री पीरजादा अब्दुस सत्तार आडवे आले. नोव्हेंबरमध्ये त्यांना हटवून खुहरोंना आणण्यात आले. पीरजादांमागे उभे असलेले बहुसंख्य सभासद महिनाभरात दुसऱ्या बाजूला गेले. धाकदपटशा आणि प्रलोभन, दोन्ही मुक्तहस्ते वापरली गेली. ज्या केंद्राने कराची हिरावली, त्याच केंद्रासाठी खुहरोंनी उरलेला सिंधही सोडला. सत्तेचा मोह हे एक स्पष्टीकरण झाले. दुसरे असे की, १९४८ च्या अनुभवाने त्यांना एवढे पुरते कळले होते: कराचीत बसलेल्यांना नाही म्हणणारा मुख्यमंत्री टिकत नाही.

१४ ऑक्टोबर १९५५ रोजी 'वन युनिट' अस्तित्वात आले आणि सिंध नकाशावरून पुसला गेला.

१९५८ मध्ये खुहरो पाकिस्तानचे संरक्षणमंत्री झाले. ऑक्टोबरमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि कालपर्यंतच्या संरक्षणमंत्र्यालाच अटक झाली. आरोप होता मोटार काळ्या बाजारात विकल्याचा.

१ जुलै १९७० रोजी 'वन युनिट' मोडले आणि सिंध प्रांत, या वेळी कराचीसह, पुन्हा उभा राहिला. खुहरो तेव्हा हयात होते. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र पुढे त्यांच्याच कन्येने, इतिहासकार हमीदा खुहरो यांनी, लिहिले.