धर्मओळख, कॅथलिक शाळांतील (वर्धा जिल्हा)

कॅथलिक शाळेतील शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि पालक यांच्या मनात शाळेच्या ख्रिस्ती श्रद्धेची जाण रुजवणे व ती रोजच्या कामात जिवंत ठेवणे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. वर्धा जिल्हा सायरो-मलबार परंपरेच्या चांदा धर्मप्रांतात येतो; १९६२ मध्ये या भागातील मिशनकार्य केरळच्या सीएमआय या धर्मगुरूंच्या संघाकडे सोपवले गेले. जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती विरळ, त्यामुळे शाळा कॅथलिक असली तरी बहुसंख्य मुले आणि पुष्कळ शिक्षक इतर धर्मांचे, हे इथले वास्तव. अशा ठिकाणी धर्मशिक्षणाचे तास वाढवून शाळेची ओळख टिकत नाही. ती मोठ्या माणसांच्या वागण्यातून टिकते.

याचा सर्वांत भक्कम दाखला वर्ध्यातच आहे, आणि तो कॅथलिक शाळेबाहेरचा आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून आलेल्या वर्धा योजनेत धर्मशिक्षणाला जागा नव्हती. धर्म ज्या रीतीने शिकवले जातात त्यातून ऐक्यापेक्षा कलहच वाढतो, अशी धास्ती गांधीजींनी १९३८ मध्ये बोलून दाखवली. सर्व धर्मांतली समान सत्ये मात्र मुलांना शिक्षकाच्या रोजच्या जगण्यातून मिळावीत, असेही म्हटले. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम या गांधीजींच्या आश्रमात हे प्रत्यक्षात दिसे. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत गीतेच्या श्लोकांबरोबर कुराणातील आयती आणि ख्रिस्ती भजने असत, आणि झाडलोट, संडाससफाई, सूतकताई यांतून शिक्षकही सुटत नसत. वर्धा योजना राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाची धुरा वाहणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभारणारे जे. सी. कुमारप्पाही ख्रिस्ती, येशूच्या शिकवणुकीवरचे त्यांचे पुस्तक १९४५ मध्ये निघाले. दोघेही कॅथलिक नव्हते, पण आपली श्रद्धा बाजूला न ठेवता सर्वांसोबत काम करता येते हे त्यांनी दाखवले.

शाळेची ओळख अशी वागण्यावर सोपवण्यावर पहिला आक्षेप असा की त्याने श्रद्धा निव्वळ सदाचार बनते. त्यात तथ्य आहे: धर्मशिक्षण वगळल्याबद्दल मुस्लिम लीगनेही वर्धा योजनेवर टीका केली होती, आणि सर्वांची म्हणून केलेली प्रार्थना कधी कधी कोणाचीच उरत नाही. म्हणून कॅथलिक शाळेने सेवाग्रामची नक्कल करू नये. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि मिस्सा पूर्ण मिळावी, त्यात हात आखडू नये. दुसरा आक्षेप हक्काचा: संविधानाचे कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा अधिकार देते, मग संकोच कशाला? पण कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतील अल्पवयीन विद्यार्थ्यावर पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण लादता येत नाही. ही अट ओळखीच्या आड येत नाही. उलट पालकांशी मोकळेपणाने बोलणे भाग पाडते. परिपाठात येशूची प्रार्थना का आहे, ती कोणासाठी आहे आणि कोणाचे मूल नुसते शांत उभे राहिले तरी चालेल, हे प्रवेशाच्या वेळीच मराठीत सांगितले पाहिजे. नव्या शिक्षकालाही तेच, नेमणुकीच्या वेळी. आणि शिपायाशी, स्वच्छता करणाऱ्या बाईंशी मुख्याध्यापक सिस्टर कशा बोलतात, फी थकलेल्या घरच्या मुलाला वर्गात कसे वागवले जाते, यावरून पालक शाळेचा धर्म ओळखतात. भिंतीवरचा क्रूस त्यानंतर त्यांच्या नजरेत भरतो.