द बॅटरी
अमेरिकन झोंबीपट (२०१२). लेखक-दिग्दर्शक जेरेमी गार्डनर. सुमारे ६,००० डॉलर खर्चात कनेटिकट राज्यात चित्रित झालेल्या या चित्रपटात बेन (गार्डनर) आणि मिकी (ॲडम क्रोनहाइम) हे दोन माजी बेसबॉलपटू ओसाड न्यू इंग्लंडमध्ये भटकत राहतात. रक्तपातापेक्षा एकटेपणा, कंटाळा आणि भिन्न स्वभावांची मैत्री यांवरचा भर, ख्रिश्चन स्टेला यांचे निसर्गाला वाव देणारे छायाचित्रण आणि गाण्यांचा नेमका वापर ही त्याची बलस्थाने होत. झोंबींची तुरळक उपस्थिती, संथ गती आणि इतर वाचलेल्या माणसांचे अपुरे चित्रण या उणिवा जाणवतात. दोघे मोटारीत अडकल्यानंतरचा शेवटचा भाग काहीसा ताणला गेला असला, तरी स्थिर कॅमेऱ्याने टिपलेली त्यांची घुसमट विलक्षण परिणामकारक आहे. साधनांच्या तुटपुंजेपणातूनच शैली घडवणारा हा चित्रपट अल्पखर्ची भयपटांत महत्त्वाचा ठरतो.