तिसऱ्या फेरीतले मौन

एम.ए.च्या वर्गात ललित गद्य आणि वृत्तलेखन यांच्या सीमारेषेविषयी बोलताना टॉम वुल्फ यांच्या एका लेखाचा उल्लेख माझ्याकडून हटकून होतो. मार्च १९६५च्या 'एस्क्वायर' मासिकात आलेला हा लेख ज्युनियर जॉन्सन या मोटार-शर्यतपटूवर आहे. येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला एक शहरी पत्रकार नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात जातो आणि तिथल्या एका नायकाची ओळख उरलेल्या अमेरिकेला करून देतो, एवढाच या लेखाचा सारांश सहसा सांगितला जातो. परंतु लेखाची सुरुवात नायकापासून होत नाही. ती होते रविवारी सकाळी शर्यतीच्या मैदानाकडे निघालेल्या मोटारींच्या मैलोगणती रांगेपासून, म्हणजेच प्रेक्षकांपासून. हा भाग मी अनेक वर्षे केवळ वातावरणनिर्मिती म्हणून शिकवत आलो. आता वाटते, लेखाचा खरा विषय तोच असावा.

स्टॉक कार शर्यत हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. 'स्टॉक' म्हणजे विक्रेत्याच्या साठ्यातली, कोणालाही विकत घेता येईल अशी मोटार. फॉर्म्युला वनची गाडी रस्त्यावर कधी दिसत नाही. स्टॉक कार मात्र, निदान दिसायला तरी, शेजाऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीसारखी असे. अमेरिकेच्या दक्षिणेत या खेळाची मुळे हातभट्टीच्या दारूच्या धंद्यात होती, असे म्हटले जाते आणि त्यात बरेच तथ्य आहे. रात्री डोंगरातून दारू शहरात पोहोचवायची आणि अबकारी अधिकाऱ्यांना चुकवायचे, यासाठी साध्या गाड्यांची इंजिने आणि स्प्रिंगा बदलल्या जात. डिसेंबर १९४७मध्ये बिल फ्रान्स यांनी डेटोना बीच येथील एका हॉटेलात बैठक बोलावली, तिच्यातून नॅसकार ही संघटना उभी राहिली. जून १९४९मध्ये शार्लट येथे 'पूर्णपणे साठ्यातल्या' गाड्यांची पहिली शर्यत झाली. तिच्यात पहिला आलेला चालक बाद ठरला, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दारू वाहून नेण्याच्या सोयीने बदललेल्या आढळल्या. खेळाने आपला जन्म पहिल्याच दिवशी नाकारला, असा विनोद यावर करता येईल.

ज्युनियर जॉन्सन हा या परंपरेचा अस्सल वारस. १९५६मध्ये वडिलांच्या भट्टीवर तो पकडला गेला आणि त्याने सुमारे अकरा महिने तुरुंगवास भोगला. कारकिर्दीत त्याने पन्नास शर्यती जिंकल्या. १९८६मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. विल्क्स परगण्यातल्या लोकांना तो का आवडत असे, हे वेगळे सांगायची गरज नाही. तो त्यांच्यातलाच होता, आणि सरकारी गाडी त्याला रस्त्यावर कधी गाठू शकली नव्हती.

खेळाडूंचा इतिहास लिहिणे सोपे असते, चाहत्यांचा अवघड. खेळाडूच्या मागे आकडे राहतात. चाहत्याच्या मागे टोपी राहते, फार तर एखादी खेळण्यातली गाडी. त्याची दप्तरे म्हणजे त्याच्या कृती: एक हावभाव, एक आरोळी, एक मौन. डेल अर्नहार्टच्या बाबतीत मात्र हे दप्तर विलक्षण समृद्ध आहे.

अर्नहार्ट १९५१मध्ये कॅनापोलिस या कापडगिरणीच्या गावात जन्मला. वडील राल्फ गिरणीत काम करत आणि धुळीच्या ट्रॅकवर शर्यती जिंकत. १९७३मध्ये ते हृदयविकाराने गेले. मुलाने नववीतच शाळा सोडली. १९८० ते १९९४ या काळात तो सात वेळा विजेता ठरला, आणि कारकिर्दीत त्याने ७६ शर्यती जिंकल्या. १९८८पासून त्याची गाडी काळी झाली, तिच्यावर पांढरा तिरका ३. पुढच्या गाडीला मागून हलकासा धक्का देऊन तिचा तोल घालवायचा आणि पुढे निघून जायचे, ही त्याची ख्याती; 'धाक घालणारा' अशा अर्थाचे टोपणनावही त्यातूनच पडलेले. ऑगस्ट १९९९मध्ये ब्रिस्टल येथे शेवटच्या फेरीत त्याने टेरी लबाँटीला असेच बाजूला सारून शर्यत जिंकली, तेव्हा प्रेक्षागारातून प्रचंड हुर्यो उठली. गंमत अशी की सर्वांत लोकप्रिय चालकाचा वार्षिक सन्मान हयातीत त्याला एकदाही मिळाला नाही. तो मिळाला २००१मध्ये, मृत्यूनंतर.

त्याचा चाहता होणे म्हणजे केवळ त्याला आवडून घेणे नव्हते, दुसऱ्या कोणाला तरी नावडून घेणेही होते. १९९०च्या दशकात ती जागा जेफ गॉर्डनने भरली. तो कॅलिफोर्नियात जन्मलेला, देखणा, नीटस बोलणारा. गाडी इंद्रधनुष्याच्या रंगांची. १९९५मध्ये चोविसाव्या वर्षी तो विजेता झाला. हा पोरगा शॅम्पेनऐवजी दूधच वाटेल, अशी थट्टा अर्नहार्टने केली होती; सत्कार समारंभात गॉर्डनने खरोखरच दुधाचा पेला उंचावला. दोघांमध्ये हे खेळीमेळीत चालले होते, व्यावसायिक संबंधही होते. प्रेक्षागारात मात्र त्याचे वर्गयुद्ध झाले. गिरणीतला, शेतावरचा, गॅरेजमधला माणूस काळ्या गाडीच्या बाजूने उभा राहिला. हे विभाजन इतके सरळ नव्हते, हे मला मान्य आहे; पण लोकांना ते तसे वाटत होते, आणि इतिहासात 'वाटणे' हेही एक तथ्य असते.

या निष्ठेची यंत्रणाही पाहण्यासारखी आहे. मैदानात चाहते कानाला रेडिओ-स्कॅनर लावून बसतात आणि आपल्या चालकाचे त्याच्या संघप्रमुखाशी चाललेले बोलणे ऐकतात. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या माणसाचा श्वास, चिडचिड, शिव्या थेट कानात. नाटकाच्या प्रेक्षकाला नटाचे स्वगत ऐकू येते ते नाटककाराने लिहिलेले. इथे ते कोणीच लिहिलेले नसते. अशा जवळिकीतून 'तो आमचा' ही भावना जन्मली तर नवल नाही. तिचा बाजारही तितक्याच तत्परतेने मांडला गेला, हे ओघानेच आले.

डेटोना ५०० ही या खेळातली सर्वांत मानाची शर्यत अर्नहार्टला वर्षानुवर्षे हुलकावणी देत राहिली. १९९०मध्ये शेवटच्या फेरीत टायर फाटला. १९९८मध्ये, विसाव्या प्रयत्नात, तो जिंकला, तेव्हा सगळ्या संघांचे कामगार रांग लावून उभे राहिले आणि तो हळूहळू गाडी चालवत एकेकाचा हात हातात घेत गेला. त्याला शिव्या घालणारेही त्या दिवशी गलबलले, असे मला ती चित्रफीत पाहताना वाटले.

१८ फेब्रुवारी २००१. पुन्हा डेटोना, पुन्हा शेवटची फेरी. पुढे मायकेल वॉल्ट्रिप आणि डेल अर्नहार्ट ज्युनियर होते. दोघेही अर्नहार्टच्याच मालकीच्या संघाचे. मागे तिसऱ्या स्थानावर तो स्वतः. चौथ्या वळणावर स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीशी स्पर्श झाला आणि काळी गाडी भिंतीवर आदळली. दूरचित्रवाणीवर अपघात फारसा भयंकर दिसला नाही. वॉल्ट्रिप जिंकला, मुलगा दुसरा आला, बाप गेला. वय ४९.

त्या वर्षीच्या शर्यतींत तिसऱ्या फेरीला दूरचित्रवाणीचे समालोचक गप्प बसत आणि प्रेक्षक उभे राहून तीन बोटे वर करत. चाळीसेक इंजिनांच्या गडगडाटात 'मौन' पाळणे याला काय म्हणावे, मला कळत नाही. पण शोकविधी कोणी शिकवून निर्माण होत नाहीत, याचे इतके ताजे उदाहरण दुसरे नसेल. संघमालक रिचर्ड चाइल्ड्रेस यांनी ३ क्रमांक बाजूला ठेवला. गाडी पांढरी झाली, २९ क्रमांक घेऊन केविन हार्विक तिच्यात बसला. तिसऱ्याच आठवड्यात, ११ मार्चला, अटलांटा येथे त्याने गॉर्डनला सेकंदाच्या सहा सहस्रांशाने हरवले आणि खिडकीतून तीन बोटे बाहेर काढून उलट्या दिशेने फेरी मारली.

इथे थांबलो तर एक सुंदर कथा होईल. पण तो अर्धाच इतिहास. त्याच आठवड्यांत स्टर्लिंग मार्लिनला जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. दोष मार्लिनचा नाही, असे मुलाला जाहीरपणे सांगावे लागले. आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी चाहते फार बोलत नाहीत. २०००मध्ये अॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन चालक डोक्याच्या व मानेच्या आघाताने गेले होते. मान सावरून धरणारे हॅन्स नावाचे साधन तेव्हा उपलब्ध होते. अर्नहार्टने ते वापरले नाही. चेहरा उघडा ठेवणारे जुने शिरस्त्राणही सोडले नाही. त्याच्या मृत्यूचे कारण कवटीच्या तळाचे अस्थिभंग हेच निघाले. ऑक्टोबर २००१मध्ये अशा प्रकारचे साधन सक्तीचे झाले. सुरक्षिततेची मागणी करणे म्हणजे भित्रेपणा, हे त्याचे रूप लोकांना प्रिय होते. टोप्यांवर, शर्टांवर तेच रूप विकले जात होते. मी चाहत्यांना दोषी ठरवत नाही. परंतु ज्या प्रतिमेवर आपण प्रेम करतो तिच्यात त्या माणसाला कोंडून घालण्यात आपला काही वाटा असतो की नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

'आमचा' या शब्दाची दुसरी कडाही आहे. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक जिंकला. मैदानात मात्र दुसऱ्यालाच विजयी घोषित करून चषक दिला गेला. चूक काही तासांनी मान्य झाली, प्रेक्षक घरी गेल्यावर. त्या विजयाचा सन्मानचषक कुटुंबाच्या हाती पडायला २०२१ साल उजाडले. स्कॉट १९९०मध्येच वारला होता. दक्षिणेच्या बंडाचा जुना ध्वज मैदानांवरून हटवायचा निर्णय नॅसकारने जून २०२०मध्ये घेतला. ज्या गर्दीने अर्नहार्टसाठी तीन बोटे उचलली, तिच्याच डोक्यावर तोही ध्वज फडकत आला होता.

२००७च्या एप्रिलमध्ये गॉर्डनने फिनिक्स येथे ७६वा विजय मिळवून अर्नहार्टशी बरोबरी केली आणि ३ क्रमांकाचा काळा ध्वज हाती घेऊन फेरी मारली. आठवड्याभराने टॅलाडेगा येथे त्याने ७७वी शर्यत जिंकली. तारीख २९ एप्रिल, अर्नहार्टचा जन्मदिवस. ट्रॅकवर बिअरच्या डब्यांचा पाऊस पडला. त्यानंतर दोन महिनेही झाले नसतील, डेल ज्युनियरने जाहीर केले की वडिलांची कंपनी सोडून आपण हेंड्रिक यांच्याकडे जात आहोत, म्हणजे गॉर्डनच्याच संघात. डबे फेकणाऱ्यांनी काय केले? बहुतेकांनी ८ क्रमांकाची टोपी काढून ८८ची घेतली असावी. लोकप्रियतेचा सन्मान त्याला सलग पंधरा वर्षे, २०१७पर्यंत, मिळत राहिला.

३ क्रमांक २०१४मध्ये ट्रॅकवर परतला. गाडीत चाइल्ड्रेस यांचा नातू ऑस्टिन डिलन. हा क्रमांक कायमचा निवृत्त करावा असे म्हणणारे पुष्कळ होते. २०१८च्या डेटोना ५००मध्ये, अर्नहार्टच्या विजयानंतर बरोबर वीस वर्षांनी, डिलन शेवटच्या फेरीत दुसऱ्या स्थानावर होता. पुढे अॅरिक अल्मिरोला. डिलनच्या गाडीचा मागून धक्का बसला, अल्मिरोला भिंतीकडे गेला, आणि ३ क्रमांकाने संपूर्ण शर्यतीतली ती एकच फेरी आघाडीवर राहून पूर्ण केली.