बुडवलेले खोरे आणि वाचलेली दलदल : घाना व दक्षिण सुदान येथील मिथेनचा इतिहास

जमिनीतून मिथेन वायू किती बाहेर पडतो, हे त्या जमिनीवर पाणी किती काळ उभे राहते यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पाण्याखाली गेलेल्या मातीतील प्राणवायू संपला की पाने, मुळे आणि गवत कुजवण्याचे काम प्राणवायूविना जगणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे जाते आणि या प्रक्रियेच्या अखेरीस मिथेन तयार होतो. हा वायू वातावरणात सरासरी 12 वर्षेच टिकत असला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट भरते. जंगल, कुरण, शेत किंवा पाणथळ यांपैकी एका रूपातील जमीन माणसाने दुसऱ्या रूपात नेली, तर त्याला भूवापरातील बदल म्हणतात. या बदलाचा मिथेनशी असलेला संबंध घाना आणि दक्षिण सुदान या दोन देशांच्या इतिहासातून विशेष स्पष्ट होतो, कारण एकाने कोरडे खोरे पाण्याखाली नेले, तर दुसऱ्याच्या भूमीवरील अफाट दलदल आटवण्याचा बेत अर्ध्यावरच थांबला.

घानातील व्होल्टा नदीवर आकोसोंबो येथे धरण बांधता येईल, हे भूगर्भशास्त्रज्ञ अल्बर्ट किटसन यांनी 1915 मध्येच हेरले होते. परंतु ती कल्पना प्रत्यक्षात आली ती स्वातंत्र्यानंतर, देशाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांच्या औद्योगिकीकरणाच्या आग्रहातून आणि टेमा येथील ॲल्युमिनियम कारखान्याला वीज पुरवण्याच्या करारातून. 1961 मध्ये सुरू झालेले बांधकाम 1965 मध्ये पूर्ण झाले आणि त्यामागे सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचा, म्हणजे देशाच्या साडेतीन टक्क्यांहून अधिक भूमी व्यापणारा जलाशय पसरला. सातशेहून अधिक गावांतील सुमारे 80,000 लोकांना घरे सोडावी लागली. बहुतेक झाडे मात्र न तोडताच बुडवली गेली, त्यामुळे कुजण्यासाठी सेंद्रिय द्रव्याचा प्रचंड साठा पाण्याखाली गेला. नव्या जलाशयात मिथेनची निर्मिती पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते आणि पुढे ओसरते. तरीही काठाच्या ज्या पट्ट्यात पाणी ओसरल्यावर गवत उगवते आणि पाणी चढल्यावर ते पुन्हा बुडते, तेथे हे चक्र दरवर्षी चालूच राहते.

दक्षिण सुदानातील सुद्द ही पांढऱ्या नाईलच्या प्रवाहाने पोसलेली पपायरसची दलदल आहे. येथे नदीचे जवळजवळ निम्मे पाणी बाष्प होऊन उडते. हे पाणी कालव्याने वळवून इजिप्त आणि उत्तर सुदानातील शेतीला द्यावे, असा विचार ब्रिटिश अभियंता विल्यम गार्स्टिन यांच्या 1904 च्या अहवालापासून मांडला जात होता. जोंगलेई कालवा या नावाने ओळखल्या गेलेल्या या योजनेला दक्षिणेत तीव्र विरोध झाला आणि 1974 मध्ये जुबा शहरात त्यावरून दंगली उसळल्या, कारण पूर ओसरल्यावर उघडी पडणारी कुरणे हाच डिंका व नुएर पशुपालकांच्या जीवनाचा आधार होता. तरीही 1978 मध्ये खोदाई सुरू झाली. नियोजित 360 किलोमीटरपैकी दोन तृतीयांशाहून अधिक लांबी खणून झाल्यावर गृहयुद्धामुळे 1984 मध्ये काम बंद पडले. बंडखोरांचे नेते जॉन गरांग यांनी याच योजनेवर अमेरिकेतील विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता.

दलदल टिकली आणि तिच्यासोबत तिचा मिथेनही टिकला. पपायरससारख्या वनस्पतींच्या पोकळ ऊतींमधून हा वायू चिखलातून थेट हवेत पोहोचतो. 1961 ते 1964 या काळातील असाधारण पावसाने व्हिक्टोरिया सरोवर दोन मीटरहून अधिक चढले, तेव्हा सुद्दचे कायम पाण्याखालील क्षेत्र दुपटीहून अधिक वाढले. व्होल्टाचे खोरे माणसाने बुडवले, त्याच दशकात सुद्द पावसाने फुगली. मातीतील सूक्ष्मजीवांना या दोन पाण्यांत फरक नसतो, पण आंतरराष्ट्रीय नोंदवह्यांना तो असतो. राष्ट्रीय उत्सर्जनाच्या हिशेबात केवळ व्यवस्थापित भूमी, म्हणजे माणसाच्या हस्तक्षेपाखालील भूमी धरली जाते. त्यामुळे जलाशयाचा मिथेन मानवी ठरतो आणि नैसर्गिक दलदलीचा वगळला जातो. त्यातही हवामानविषयक करार 1992 चा आणि त्याचे प्रचलित आधारवर्ष 1990 असल्याने आकोसोंबोच्या सुरुवातीच्या, सर्वांत मोठ्या उत्सर्जनाचा काळ मोजणी सुरू होण्यापूर्वीच सरून गेला होता.

म्हणून या दोन देशांची एका वर्षाच्या आकड्यांवरून केलेली तुलना अपुरी आणि अन्यायकारक ठरते. जोंगलेई कालवा पूर्ण झाला असता, तर सुद्दमधील मिथेन घटला असता. पण कोरड्या पडलेल्या सेंद्रिय मातीतून कार्बन डायऑक्साइड सुटला असता आणि मासेमारी व कुरणे आक्रसली असती. कमी मिथेन हा भूमीच्या सुस्थितीचा पुरावा नव्हे. सुद्द आटवण्याचे समर्थन हवामानाच्या नावाने करता येत नाही, आणि आफ्रिकेत नवे धरण मंजूर करणाऱ्या प्रत्येक शासनाने पाणी अडवण्यापूर्वी बुडणाऱ्या झाडोऱ्याचा आणि त्यातून निघणाऱ्या मिथेनचा हिशेब जनतेपुढे मांडलाच पाहिजे.