तारीख टपालात टाकल्याची की पोचल्याची?

शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी टपालात टाकला आणि तो तीन दिवसांनी पोचला, तर तो मुदतीत आला असे म्हणायचे का? शाळेच्या कचेरीत हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात त्याचे उत्तर कसे बदलत गेले, ते पाहू.

शोधाची माहिती प्रसिद्ध झाली की तेथे पेटंटच्या अर्जाला ठरावीक मुदत मिळते. १९३९ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांवरून एक वर्षावर आली. ती एका दिवसाने हुकली तरी हक्क जातो. अर्जाची तारीख म्हणजे तो कार्यालयात पोचल्याची तारीख. त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या वकिलाचा कारकून शेवटच्या दुपारी अर्ज हातोहात देऊ शके. कॅलिफोर्नियातल्या शोधकाला मात्र तो काही दिवस आधीच रवाना करावा लागे. कायदा एकच, पण दूरच्याचे वर्ष थोडे आखूड!

१९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने टपालात दिल्याची तारीख हीच दाखल तारीख मानण्याची मुभा कार्यालयाला दिली. १९८३ पासून नव्या अर्जांना ही सवलत मिळाली, पण टपालखात्याच्या एक्स्प्रेस मेल सेवेने पाठवले तरच. असे का? या सेवेत पाकीट स्वीकारल्याची तारीख टपाल कर्मचारी स्वतः नोंदवतो. साध्या टपालासाठी पाठवणाऱ्याने सहीनिशी दिलेला दाखला चाले, पण तो चालू प्रकरणातील उत्तरांपुरता. नव्या अर्जाच्या तारखेवर इतरांचेही हक्क अवलंबून असतात. तेथे साक्षीदार तटस्थच हवा.

भारताच्या २००३ च्या पेटंट नियमांनी तिसरी वाट धरली. टपाल नेहमीच्या क्रमाने ज्या वेळी पोचले असते, ती वेळ दाखल झाल्याची मानली. म्हणजे प्रवासाचे दिवस अर्जदाराच्या माथी, टपालाची दिरंगाई मात्र नाही.

१६ मार्च २०१३ पासून अमेरिकेत आधी शोध लावणाऱ्याऐवजी आधी अर्ज करणाऱ्या शोधकाला पेटंट मिळू लागले आणि तारखेचे वजन आणखी वाढले. आता बहुतेक अर्ज संगणकावरून जातात. त्यांची तारीख कार्यालयाच्या घड्याळाने ठरते. कॅलिफोर्नियात रात्रीचे नऊ वाजले की तेथे मध्यरात्र होऊन पुढची तारीख लागते. दूरच्याचे वर्ष पुन्हा तीन तासांनी आखूड झाले!

मग न्याय्य तारीख कोणती? हा प्रश्न वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे, असे आम्हांला वाटते.