‘प्रथम’ची नऊ वर्षे

विज्ञान प्रदर्शनात क्रमांक हुकलेला प्रकल्प पुढच्या वर्षी पुन्हा हाती घेणारी मुले फार थोडी. बहुधा तो प्रयोगशाळेच्या कपाटावर धूळ खात पडतो आणि ती मुले दहावी होऊन निघून जातात. मुंबईच्या उपनगरातच, पवईच्या आयआयटीत, विद्यार्थ्यांचा एक प्रकल्प नऊ वर्षे चालला आणि तरी कपाटावर गेला नाही. तो का टिकला, हे शिक्षकांनी पाहण्यासारखे आहे.

जुलै २००७ मध्ये तेथील सप्तर्षी बंदोपाध्याय आणि शशांक तामसकर या दोन विद्यार्थ्यांनी एक छोटा उपग्रह बांधण्याचा विचार मांडला. संस्थेचा पहिला उपग्रह म्हणून नाव ठेवले ‘प्रथम’. २००९ मध्ये इस्रोबरोबर करार झाला. प्रक्षेपण लवकरच होईल अशी अपेक्षा होती.

झाले ते वेगळेच. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा ‘अनुसॅट’ एप्रिल २००९ मध्ये कक्षेत गेला. जुलै २०१० मध्ये बंगळूर आणि हैदराबादच्या सात अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांचा ‘स्टडसॅट’ गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये आयआयटी कानपूरचा ‘जुगनू’ आणि चेन्नईचा ‘एसआरएमसॅट’ एकाच अग्निबाणातून गेले. ही काही रीतसर स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते की ढाल नव्हती. पण ‘प्रथम’ नावाच्या उपग्रहाने एकामागून एक इतरांना पुढे जाताना पाहायचे, यातला बोचरेपणा सांगायला नको. शेवटी जून २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा, एक किलोग्रॅमहूनही हलका ‘स्वयम्’ गेला, तेव्हाही ‘प्रथम’ जमिनीवरच होता.

छोट्या उपग्रहाच्या प्रक्षेपणाची तारीख त्याच्या स्वतःच्या हातात नसते. तो मोठ्या उपग्रहाच्या सोबतीने जातो. मोठ्याचा मुहूर्त पुढे गेला की त्याचाही जातो. शिवाय कागदावरचे अभिकल्प, चाचणीची प्रतिकृती, मग प्रत्यक्ष उड्डाणाची प्रत, कंपनाच्या आणि निर्वात उष्णता-थंडीच्या चाचण्या, आणि प्रत्येक पायरीवर अनुभवी अभियंत्यांकडून तपासणी. तपासणीत काढलेली उणीव म्हणजे नापासाचा शेरा नव्हे, हे मुलांना उमजायला वेळ लागतो. (मोठ्यांनाही लागतो.)

आता खरी अडचण पाहा. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार-पाच वर्षांचा. काम चालले नऊ वर्षे. म्हणजे ज्यांनी आरंभ केला त्यांपैकी कोणीही प्रक्षेपणाच्या वेळी विद्यार्थी असणे शक्य नव्हते. तेव्हा ‘चिकाटी’ हा एकेका मुलाचा गुण मानून येथे काही उलगडत नाही. टिकायला हवा होता तो गट. ऊर्जा, संदेशवहन, दिशानियंत्रण, संगणक, सांगाडा, उष्णता असे कामाचे विभाग पाडलेले होते आणि प्रत्येक विभागात वरच्या वर्गातल्याने खालच्या वर्गातल्याला तयार करायचे होते. त्यासाठी केलेली गणिते आणि घेतलेले निर्णय लिहून ठेवावे लागत. निर्णय का घेतला हे लिहिलेले नसेल, तर दोन वर्षांनी आलेला मुलगा तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसतो.

माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट गटाने ठरवलेल्या उद्दिष्टांत होती. उद्दिष्टे चार होती : उपग्रहविद्या शिकणे, उपग्रहाचा अभिकल्प विद्यार्थ्यांनीच करणे, तो सोडून आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी करणे, आणि इतर महाविद्यालयांतील मुलांना भूकेंद्रे उभारून सहभागी करून घेणे. यांतले प्रक्षेपणावर पूर्णपणे अवलंबून होते ते फक्त तिसरे. तारीख लांबली तरी बाकीच्या तिन्ही बाबतींत दर वर्षी काही ना काही पदरात पडत होते.

चौथ्या उद्दिष्टामागचे विज्ञान अकरावी-बारावीच्या वर्गात सांगता येईल. आयनांबरात मुक्त इलेक्ट्रॉन असतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यातून जाणाऱ्या रेडिओ लहरीचे ध्रुवीकरणाचे प्रतल फिरते. हेच फॅरडे परिभ्रमण. वाटेत इलेक्ट्रॉन जितके अधिक, तितका कोन अधिक. आणि कोन वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ‘प्रथम’वरून सुमारे १४६ आणि ४३७ मेगाहर्ट्झ अशा दोन लहरी सोडण्याची योजना होती. वारंवारता तिप्पट, म्हणून पहिलीचे प्रतल दुसरीच्या नऊपट फिरणार. प्रतल अर्धा फेरा फिरले की पुन्हा पहिल्यासारखेच दिसते, त्यामुळे एकाच लहरीवरून किती फेरे झाले हे कळत नाही. दोन्ही ताडून पाहिल्या की तो घोळ बराचसा सुटतो. जमिनीवर लागतात त्या आपल्या घरांच्या गच्चीवर पूर्वी दूरदर्शनसाठी असत तशा यागी अँटेना. एकट्या पवईतून सगळ्या देशावरचे आकाश मोजता येत नाही, म्हणून इतर महाविद्यालये हवीत. त्यांच्यासाठी गटाने कार्यशाळा घेतल्या. स्वतःला पुरते कळल्याशिवाय दुसऱ्याला शिकवता येत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. रखडलेल्या काळात गटाला त्याचा मोठा उपयोग झाला असणार.

२६ सप्टेंबर २०१६ रोजी सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३५ उडाला. ३७१ किलोग्रॅमचा ‘स्कॅटसॅट-१’ सतराव्या मिनिटाच्या सुमारास सुटला. उरलेल्या सात उपग्रहांना, त्यांत सुमारे दहा किलोग्रॅमचा ‘प्रथम’, वेगळ्या कक्षेत न्यायचे होते. त्यासाठी चौथ्या टप्प्याचे इंजिन बंद करून पुन्हा दोनदा सुरू करावे लागले. सगळे मिळून सव्वादोन तास लागले.

उपग्रहाचे अपेक्षित आयुष्य होते चार महिने. गटाने पुढे दुसऱ्या उपग्रहाचे काम हाती घेतले. त्याचे नाव ‘अद्वितीय’.